व्हॉल्व्हच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधला हम शोधताना

स्पीकरसाठी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर थोडाफार घुमत असला, तरी दोन-तीन मीटरवर बसलेल्या माणसाला ते सहसा जाणवत नाही. पंखा, रस्त्यावरची वाहने, शेजारच्या घरातला मिक्सर यांत ती घुमी विरून जाते. हेडफोनला ही सवलत मिळत नाही. तो कानालाच टेकलेला असतो आणि एक-दोन मिलिव्होल्टचा उपद्रवसुद्धा गाण्यातल्या शांत जागी उघडा पाडतो. मी घरी बांधलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर प्रथम चालू केला, तेव्हा सगळ्या ठिकाणची व्होल्टेज अपेक्षेप्रमाणे होती आणि आवाजही भरीव, मोकळा होता. परंतु आलापातल्या प्रत्येक विरामात तानपुऱ्याच्या खाली आणखी एक सूर अखंड वाजत होता. तो काढून टाकताना जे करावे लागले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. असा हम, म्हणजे अखंड घुमी, आला की पहिला सल्ला मिळतो तो व्हॉल्व्ह बदलण्याचा. व्हॉल्व्ह महाग असतात, आणि माझ्या अनुभवात हमच्या कारणांमध्ये त्यांचा क्रमांक बराच खाली लागतो.

सर्किट साधे आहे. पुढे ईसीसी ८२ हा दुहेरी ट्रायोड (ट्रायोडमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे जाणारे इलेक्ट्रॉन ग्रिडवरचा सिग्नल कमी-जास्त करतो) असून त्याचा एक भाग डाव्या बाजूसाठी आणि दुसरा उजव्या बाजूसाठी आहे. त्याच्या प्लेटला थेट जोडलेला ६०८० हा दुसरा दुहेरी ट्रायोड कॅथोड फॉलोअर म्हणून काम करतो आणि त्याच्या कॅथोडवरून कपॅसिटरमार्गे सिग्नल ३०० ओहमच्या हेडफोनकडे जातो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. ६०८० हा मुळात वीजपुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी बनवलेला व्हॉल्व्ह आहे. त्याचा आतला रोध जेमतेम २८० ओहम असल्यामुळे तो ट्रान्सफॉर्मरवाचून हेडफोन चालवू शकतो, पण त्याचा प्रवर्धनांक, म्हणजे म्यू, फक्त २ आहे. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. एच.टी., म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाबाचा डीसी पुरवठा, साधारण १७० व्होल्ट आहे आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे ७५ मिलिअँपिअर प्रवाह घेतात.

१७० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकते आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलेच राहतात. एच.टी. आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० किलोओहमचा ब्लीडर मी कायमचा लावला आहे, तरी तो कपॅसिटर रिकामे करायला काही मिनिटे घेतो. त्यामुळे प्रत्येक वेळी मीटरवर व्होल्टेज उतरलेले पाहूनच मी आत हात घालत असे, आणि चालू सर्किटवर मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवत असे. खाली जेथे जेथे मी एखादी तार हलवली असे लिहिले आहे, तेथे हे सर्व गृहीत धरावे.

आवाज कोठून शिरतो हे ठरल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, असे मी आरंभीच ठरवले होते. त्यासाठी एका आरसीए प्लगची मधली पिन त्याच्या बाहेरच्या कड्याला जोडून शॉर्ट केलेले प्लग तयार केले आणि ते दोन्ही इनपुटना लावले. व्हॉल्यूम शून्यावर आणला, हळूहळू पूर्ण वाढवला आणि पुन्हा शून्यावर आणला. हममध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणजे डीएसी (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारे उपकरण), लॅपटॉप आणि त्यांच्या केबली या सगळ्यांना तूर्त बाजूला ठेवता येत होते. व्हॉल्यूम कंट्रोलही सुटला. कारण आवाज त्यातून येत असता, तर बटण मधल्या स्थितीत असताना तो सर्वांत जास्त झाला असता. व्हॉल्यूम कंट्रोलचा रोध ग्रिडला तेथेच सर्वाधिक दिसतो.

त्यानंतर त्या आवाजाची जात ओळखायची होती. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. हीटरच्या (व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या तंतूच्या) तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून जे शिरते ते मुख्यतः ५० हर्ट्झचे असते. एसीचे डीसी करणाऱ्या पुलाच्या चार डायोडांमधून दोन्ही अर्धलहरी सरळ होऊन येतात, म्हणून एच.टी.वरची लहर १०० हर्ट्झची असते. कानाने हा फरक ओळखण्यासाठी मी फोनवरच्या टोन जनरेटरने आधी ५० आणि मग १०० हर्ट्झ ऐकले आणि लगेच अ‍ॅम्प्लिफायरचा हम ऐकला. तो निःसंशय वरच्या सप्तकातला, १०० चा होता. पण त्यावर एक खरखरीत, चिरकी धारही होती, जी शुद्ध सुरात नसते. मग आउटपुटवर रोधकांचा विभाजक लावून सिग्नल साउंडकार्डात घेतला, लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे याचा आलेख, काढला. दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झचा उंच सुळका होता, त्यानंतर २००, ३००, ४०० असे दातेरी सुळके वरपर्यंत गेलेले होते, आणि डाव्या बाजूला ५० हर्ट्झचा एक स्वतंत्र सुळका होता. एकाच घुमीत तीन निरनिराळे दोष होते. हे आधी कळले नसते, तर एक दुरुस्त केल्यावर आवाज पूर्ण का जात नाही, या विचारात मी केलेली दुरुस्तीच चुकीची ठरवून बसलो असतो.

येथे कानाचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. माणसाचा ऐकू येण्याचा उंबरठा ५० हर्ट्झला सुमारे ४४ डेसिबल आणि १०० हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल आहे. १००० हर्ट्झला तो शून्याच्या आसपास येतो. वर्णपटात सर्वांत उंच दिसणारा सुळका कानाला सर्वांत त्रासदायक असेलच असे नाही. ४०० किंवा ६०० हर्ट्झची बुटकी रेघ ५० हर्ट्झच्या उंच रेघेपेक्षा अधिक टोचू शकते.

पहिला दोष एच.टी.च्या लहरीचा. माझ्या वीजपुरवठ्यात पुलानंतर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग २७० ओहमचा रोधक आणि पुन्हा २२० मायक्रोफॅरड अशी मांडणी होती. ७५ मिलिअँपिअरला पहिल्या कपॅसिटरवर जवळपास ३.४ व्होल्टची लहर राहते. १०० हर्ट्झला २२० मायक्रोफॅरडची प्रतिबाधा सव्वासात ओहमच्या आसपास असल्याने २७० ओहमचा रोधक ती लहर साधारण ३७ पटींनी कमी करतो आणि शेवटच्या कपॅसिटरवर ९० मिलिव्होल्ट उरतात. मीटरच्या टोकाला ६३० व्होल्टचा कपॅसिटर घालून एसी मोजले, तेव्हा ३० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा आला. ९० मिलिव्होल्टच्या लहरीचे आरएमएस मूल्य तेवढेच भरते, त्यामुळे गणित आणि मोजमाप जुळले. १७० व्होल्टमध्ये ३० मिलिव्होल्ट ही मामुली गोष्ट वाटते आणि दुसऱ्या एखाद्या सर्किटात ती खपूनही गेली असती. पण ६०८० चा म्यू फक्त २ आहे. ज्या व्हॉल्व्हचा म्यू मोठा असतो, त्याच्या कॅथोडपर्यंत प्लेटवरची लहर फारशी पोहोचत नाही. येथे ३०० ओहमचा हेडफोन जोडलेला असताना प्लेटवरच्या लहरीचा जवळजवळ चौथा हिस्सा सरळ हेडफोनमध्ये उतरतो. हे ध्यानात आल्यावर व्हॉल्व्ह बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. कितीही उत्तम ६०८० आणला तरी त्याचा म्यू २ च राहणार होता.

मोठे कपॅसिटर लावून हे काम अर्धेच झाले असते, शिवाय डायोडांवरचे प्रवाहाचे झटके वाढले असते. रोधकाच्या जागी ५ हेन्रीचा चोक (लोखंडी कोअरवर गुंडाळलेले तारेचे वेटोळे) घातला, तर त्याची प्रतिबाधा १०० हर्ट्झला ३१०० ओहमहून अधिक होते आणि लहर चारशे पटींहून अधिक कमी होते. असा चोक दुकानात तयार मिळाला नाही, म्हणून पेठेतल्या एका जुन्या वाइंडिंगवाल्यांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला.

“डीसी किती जाणार यातनं?”

“पंचाहत्तर मिलिअँपिअर, काका. शंभरचा धरून बांधा.”

“मग गॅप ठेवावी लागेल. ट्रान्सफॉर्मरसारखं उलटसुलट स्टॅम्पिंग भरलं तर कोअर भरून जाईल आणि चोक नावालाच राहील.”

त्यांनी ई आकाराचे सगळे स्टॅम्पिंग एकाच बाजूने बॉबिनमध्ये भरले, आय आकाराच्या पट्ट्यांचा गठ्ठा वेगळा जुळवला आणि दोहोंच्या मध्ये जाड कागदाची पट्टी कापून ठेवली. पट्टी कोअरच्या कडेबाहेर येत होती. ती ब्लेडने नेमकी कडेला छाटून मगच त्यांनी पट्टे आवळले. त्या कागदाच्या जाडीएवढ्या फटीमुळे डीसी प्रवाह असतानाही कोअर संपृक्त होत नाही आणि चोकचे हेन्री टिकून राहतात. तारेचा रोध ११० ओहम भरला. चोकनंतर १०० ओहम आणि २२० मायक्रोफॅरडचा आणखी एक टप्पा मी जोडला. जुना २७० ओहमचा रोधक निघाल्यामुळे वाचलेल्या व्होल्टांत तो टप्पा बसला आणि एच.टी. जवळपास पूर्वीइतकीच राहिली.

चोक चासीवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, कोठे आणि कोणत्या दिशेने बसवायचा, यासाठी जुन्या लोकांची एक पद्धत आहे आणि तिच्याइतकी चांगली दुसरी मला माहीत नाही. चोक कशालाही न जोडता त्याच्या दोन टोकांना फक्त हेडफोन लावायचा, चासीवरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला वीज द्यायची आणि चोक हाताने सरकवत, फिरवत ऐकायचे. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र चोकमध्ये किती शिरते, ते थेट कानाला कळते. समांतर ठेवला तेव्हा ५० हर्ट्झचा ठळक हम होता. काटकोनाकडे वळवत नेला तसा तो ओसरत गेला आणि एका ठिकाणी जवळजवळ नाहीसा झाला. तेथून अंगठाभर पुढे सरकवला की पुन्हा वाढत असे. त्या जागी पेन्सिलने खूण केली आणि भोके पाडली.

यानंतर १०० हर्ट्झचा सुळका वर्णपटात एकदम खाली गेला. चिरकी धार मात्र तशीच राहिली, आणि खालची घुमी गेल्यामुळे ती उलट अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली. ही धार तारांच्या मांडणीतून येत होती. सर्किटच्या आकृतीत ग्राउंडचे चिन्ह हवे तेथे काढता येते आणि ती सगळी चिन्हे म्हणजे एकच बिंदू असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या बिंदूंमध्ये तार असते आणि तारेला रोध असतो. पहिला कपॅसिटर प्रवाह सतत घेत नाही. लहरीच्या माथ्याशी, अगदी थोडा वेळ, तो झटक्याने भरला जातो. सरासरी ७५ मिलिअँपिअर असले तरी त्या झटक्याचा माथा सहज अर्ध्या अँपिअरपर्यंत जातो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दहा सेंटिमीटर तारेचा रोध साधारण ३.४ मिलिओहम असतो, म्हणजे त्या तारेच्या दोन टोकांत पावणेदोन मिलिव्होल्टचे टोकदार झटके सेकंदाला शंभर वेळा उमटतात. मी ज्या मांडणीप्रमाणे बांधणी केली होती, तिच्यात व्हॉल्यूम कंट्रोलची ग्राउंड पुलाच्या ऋण टोकाला आणि ईसीसी ८२ च्या कॅथोडची ग्राउंड कपॅसिटरच्या ऋण टोकाला होती. या दोहोंमधली तार तीच दहा सेंटिमीटरची तार होती. त्यामुळे ते झटके सिग्नल असल्याप्रमाणे ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये येत होते आणि दोन्ही व्हॉल्व्ह त्यांना साधारण सात पटींनी वाढवून हेडफोनकडे पाठवत होते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज का जात नाही, याचे उत्तर यातच होते.

तर्क पटला तरी खात्री करून घ्यायची म्हणून व्हॉल्यूम कंट्रोलच्या ग्राउंडला मगरचिमटा लावला आणि दर वेळी वीज बंद करून तो वेगवेगळ्या ठिकाणी जोडून पाहिला. पुलापाशी ती धार सर्वांत तीव्र होती, पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाशी बरीच मंद झाली, आणि शेवटच्या कपॅसिटरपाशी, कॅथोडची ग्राउंड जेथे आणली होती त्याच बिंदूवर, ती गेली. एकही भाग न बदलता, फक्त तारेचे एक टोक हातभर अंतर सरकल्याने आवाज नाहीसा होतो, हे ऐकणे मला या सगळ्या कामातले सर्वांत समाधानाचे वाटले. शेवटी पुलापासून पहिल्या कपॅसिटरपर्यंतची तार आखूड केली, तिला दुसरे काहीही जोडले नाही, आणि सिग्नलच्या सर्व ग्राउंड शेवटच्या कपॅसिटरच्या ऋण टोकाशी एकत्र आणल्या.

आता राहिला डाव्या बाजूचा ५० हर्ट्झ. त्यासाठी हीटरच्या तारेत एक तात्पुरता स्विच घातला. गाणे चालू असताना हीटरची वीज तोडली, तर कॅथोड काही सेकंद तापलेलाच राहतो आणि गाणे चालू राहते. त्या काही सेकंदांत हम कसा वागतो ते ऐकायचे. स्विच दाबताक्षणी ५० हर्ट्झ थांबला, गाणे मात्र तसेच चालू राहिले आणि मग हळूहळू क्षीण होत गेले. म्हणजे हा हम हीटरमधूनच येत होता. माझ्या हीटर वाइंडिंगचे एक टोक, जुन्या रेडिओ सेटमध्ये असायचे तसे, सरळ चासीला जोडलेले होते. ते सोडवले, दोन्ही टोकांपासून १०० ओहमचे एकेक रोधक घेऊन मधला बिंदू तयार केला, आणि तो बिंदू ग्राउंडला न जोडता एच.टी.वरून ३३० आणि १२० किलोओहमच्या विभाजकाने मिळवलेल्या ४५ व्होल्टवर ठेवला. हीटर कॅथोडपेक्षा ऋण असला की त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जातात आणि हम देतात. हीटर धन केला की ईसीसी ८२ मध्ये ही गळती थांबते. ६०८० चा कॅथोड १०० व्होल्टच्या आसपास असल्यामुळे तेथे हीटर आणि कॅथोड यांच्यातला ताणही जवळजवळ निम्मा झाला. हीटरच्या दोन्ही तारांना घट्ट पीळ घालून त्या चासीच्या कोपऱ्यातून नेल्या आणि ग्रिडच्या तारेला काटकोनातच ओलांडतील असे पाहिले. त्यानंतरच दुसरा ईसीसी ८२ लावून पाहिला. डावी-उजवीतला उरलासुरला फरक किंचित बदलला, यापेक्षा अधिक काही झाले नाही.

हे सर्व झाल्यावर शॉर्ट केलेले प्लग काढून डीएसी जोडला आणि एक नवी भुणभुण आली. लॅपटॉप बॅटरीवर घेतला की ती जात असे, चार्जर लावला की परत येत असे. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाका, असे सांगणारे लोक भेटतात. धातूच्या चासीत १७० व्होल्ट आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर असताना असे कधीही करू नये. चासी मेन्सच्या अर्थिंगला पक्की जोडलेलीच ठेवली. फक्त सिग्नलची ग्राउंड आणि चासी यांच्यामधल्या एकमेव जोडात १० ओहमचा रोधक आणि त्याला समांतर, उलटसुलट दिशेने, जाड डायोड घातले. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या जोडण्यांतून बनलेल्या वर्तुळातला क्षीण प्रवाह रोधकामुळे अडतो आणि काही बिघाड होऊन मोठा प्रवाह आलाच, तर तो डायोडांतून अर्थिंगकडे निघून जातो. त्याआधी त्या खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन खरोखर अर्थ आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेतले होते. जुन्या इमारतींत ती पिन पुष्कळदा नुसतीच असते.

वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू होतो, तेव्हा मात्र अ‍ॅम्प्लिफायरमधून किरकिर ऐकू येते. हा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. तिच्यातले वरचे घटक ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधल्या धारकतेतून पलीकडे येतात. यावर सर्किटमध्ये उपाय करण्यापेक्षा तेवढा वेळ अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवणे मला योग्य वाटते, कारण हीटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठीही ती वीज चांगली नाही.

मध्येमध्ये होणारी तडतड ६०८० च्या बेसमुळे, म्हणजे सॉकेटमुळे, होती. पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने व्हॉल्व्ह हलकेच टेकला की ती वाढत असे. पिना स्वच्छ केल्या, बेसचे सैल संपर्क बारीक सुईने आवळले, आणि ती थांबली.

सध्या शॉर्ट केलेल्या इनपुटवर ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये रात्रीच्या शांततेतही हम ऐकू येत नाही. शेवटच्या कपॅसिटरवरची लहर माझ्या मीटरच्या मोजण्याच्या मर्यादेखाली गेली आहे. वर्णपटात ५० हर्ट्झची एक लहान रेघ डाव्या बाजूला अजून दिसते, पण ती ऐकण्याच्या उंबरठ्याच्या बरीच खाली आहे. ती घालवण्यासाठी हीटर डीसीवर चालवावेत असे काही मित्र सुचवतात. दोन्ही व्हॉल्व्ह मिळून हीटरला २.८ अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह सरळ करायचा, तर पुलात आणि कपॅसिटरमध्ये एच.टी.पेक्षा कितीतरी मोठे झटके त्याच चासीत सुरू होतील आणि नुकतीच घालवलेली धार दुसऱ्या वाटेने आत येण्याची शक्यता निर्माण होईल. म्हणून हीटर मी एसीवरच ठेवले आहेत.